पाचवी खुर्ची

१

दवाखान्याच्या दाराला ‘डॉक्टर बाहेरगावी आहेत’ अशी पाटी लागली, की गल्लीतल्या लोकांना कळायचं, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचा नवरा जंगल बघायला निघाले. वर्षातून एकदा, चार दिवस. कुणाची दाढ ठणकत असेल तर त्याने पाचव्या दिवसाची वाट बघायची. पाटी नवऱ्याने स्वतः लिहिली होती. त्याची सगळी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला की त्याच्या पोटात दुखायचं. मित्र त्याला काना-मात्रा म्हणायचे. प्रवासात तो रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत जायचा आणि चूक सापडली की लहान पोरासारखा खूश व्हायचा. डॉक्टर गाडी चालवायची आणि अधूनमधून ‘हं’ म्हणायची. तिला त्या पाट्यांमध्ये काडीचा रस नव्हता, पण तो वाचायचा थांबला की तिला चुकल्यासारखं व्हायचं.

या वर्षीचं गाव म्हणजे एकच रस्ता होता. एका टोकाला बसथांबा, दुसऱ्या टोकाला अभयारण्याचं फाटक. मध्ये लॉज, दुर्बिणी आणि रेनकोट भाड्याने देणारी दुकानं, आणि जीपगाड्यांची रांग. सकाळी सात वाजता दोघं फाटकाशी पोचले, तर फाटकाला साखळी. धुकं असं उतरलं होतं की फाटकाचा वरचा अर्धा भाग कुठे संपतो तेच कळत नव्हतं.

“आज सोडत नाहीत आत,” जीपवाला म्हणाला. “सोडून तरी काय? स्वतःचा हात दिसेना.”

“मग दिवसभर आम्ही करायचं काय?” नवऱ्याने विचारलं.

“संग्रहालय आहे की त्या चढावर. जुन्या वस्तू आहेत, जुनी माणसं आहेत.”

“माणसं?”

“पुतळे हो, साहेब,” जीपवाला म्हणाला आणि जीपच्या काचा वर करून आत बसला.

२

संग्रहालय म्हणजे पूर्वीचं लाकडाचं गोदाम. बसकं, लांबच लांब, आणि जमीन फळ्यांची. पाऊल टाकलं की फळी कण्हायची, पण आपल्या पायाखालची नाही, दोन फळ्या पलीकडची. त्यामुळे कुणीतरी आपल्या जरा पुढे चाललंय असं सारखं वाटत राहायचं. आत डांबरगोळ्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. दाराशी एक राखणदार बाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

“छत्री बाहेर ठेवा. आणि दोरीच्या आत जायचं नाही.”

“कुणी येतं का हो इकडे?” नवऱ्याने गप्पा मारायच्या म्हणून विचारलं.

“धुकं पडलं की येतात,” बाई म्हणाल्या. तेवढं बोलून त्यांनी पुन्हा सुया चालवायला घेतल्या.

पहिल्या खोलीत दगड आणि शिंगं. दुसरीत करवती, कुऱ्हाडी, कंदील. भिंतीवर ‘वस्तूंना हात लाऊ नये’ अशी पाटी होती आणि नवरा तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. “लाऊ! अगं, लाऊ! ‘व’ कुठे गेला? वाघाने नेला?” डॉक्टरला हसू आलं. त्या रिकाम्या जागेत त्याचा आवाज दोनदा ऐकू येत होता, एकदा इथे आणि एकदा आतल्या खोल्यांतून, किंचित उशिरा.

तिसऱ्या खोलीत जुने फोटो होते. अभयारण्य झालं नव्हतं तेव्हा जंगलात राहणारी माणसं. रांगा करून उभी, हात मांड्यांना चिकटवलेले, एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही.

“किती दुःखी दिसतात,” नवरा म्हणाला.

“दुःखी कसले? दात खराब आहेत,” डॉक्टर म्हणाली. “बघ, ओठ कसे दाबून धरलेत सगळ्यांनी. दुखत असलं की माणूस तोंड असंच मिटतो.”

तो त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “तू त्या काळात असतीस तर बरं झालं असतं बिचाऱ्यांना.”

३

शेवटच्या खोलीला खिडकी एकच होती आणि तिच्याबाहेर धुकं कापसासारखं दाटलं होतं. दोरीपलीकडे जेवणाचं टेबल मांडलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, ‘अरण्यातील एक घर. दुपारचे जेवण. कुटुंबातील पाच जण.’

टेबलाभोवती प्लास्टरचे पुतळे बसले होते. एक म्हातारी, एक बाप्या, एक बाई, आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. घडवणाऱ्याचा हात काही फार बसलेला नव्हता. सगळ्यांची नाकं एकाच साच्यातली, डोळे जरा मोठे, आणि तोंड म्हणजे लाल रंगाची एक रेघ. सगळ्यांच्या माना ताटाकडे झुकलेल्या. ताटं मात्र पाच होती. पाचवी खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती, कुणी जेवताजेवता उठून गेल्यासारखी.

“अगं, हे बघ. लिहिलेत पाच, बसलेत चार. याला मुद्रणदोष म्हणायचं की मनुष्यदोष?”

“एक जण हात धुवायला गेला असेल.”

“मग तो येईपर्यंत मी बसतो. आकडा तरी बरोबर होईल.” आणि डॉक्टर काही बोलायच्या आत त्याने दोरीवरून पाय टाकला.

“अरे, त्या बाई ओरडतील!”

“ओरडायच्या आत काढ फोटो.”

तो खुर्चीत बसला, खुर्ची पुढे ओढली, आणि रिकाम्या ताटातला घास घेतल्यासारखं करून मोठ्ठा आ केला. डॉक्टरने फोटो काढला. नीट आला का ते बघायला तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. चष्मा लॉजवर राहिला होता. तेवढ्यात ताटावर चमचा आपटल्याचा आवाज झाला, बारीक, एकदाच.

“अरे, हात कशाला लावतोस?” ती वर न बघताच म्हणाली.

तिने मान वर केली तर तो तिच्या शेजारी, दोरीच्या अलीकडे उभा होता. इतका जवळ की त्याच्या स्वेटरची लोकर तिच्या हाताला लागत होती. एकही फळी वाजली नव्हती.

“चल,” ती म्हणाली. तो तिच्यामागून निघाला.

टेबलाकडे तिने पुन्हा वळून पाहिलं नाही. नंतर कितीतरी दिवस तिने त्याबद्दल स्वतःला बोल लावला.

बाहेर पडायच्या दारावर हाताएवढ्या अक्षरांत ‘पुन्हा भेट दया’ असं लिहिलेलं होतं. डॉक्टर उंबऱ्याशी मुद्दाम जरा थांबली. आता हा ‘दया करा हो, दया’ म्हणत नाटक करणार, याची तिला खात्री होती. तो पाटीखालून निघून गेला. पायरीवर उभं राहून त्याने हात लांब केला आणि धुक्यात बोटं उघडमीट करून पाहिली.

४

लॉजच्या जेवणघरात ते दोघंच होते. गरम सूप, पाव, उकडलेले बटाटे. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि मोरीत कुठेतरी नळ ठिबकत होता. नवरा जेवत होता, अगदी सावकाश, प्रत्येक घासाकडे आधी नीट बघून. खाण्याच्या पदार्थांचा छापील कागद त्याच्या पुढ्यात पडला होता. त्यात तिला स्वतःलाच, चष्म्याशिवायही, तीन चुका दिसल्या. त्याने तो उचललासुद्धा नाही.

आणि तो डाव्या बाजूने चावत होता.

हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नसतं. पण त्या तोंडाची तिला घरातल्या कपाटासारखी माहिती होती. खालच्या डाव्या बाजूची दाढ तिने स्वतः आठ वर्षांपूर्वी वाचवली होती, वर टोपी बसवली होती. पुढे त्या टोपीचा बाहेरच्या अंगाचा पांढरा टवका उडाला आणि आतला धातू नखाएवढ्या चंद्रकोरीसारखा उघडा पडला. तिने कड घासून गुळगुळीत करून दिली. ‘नवी बसवू,’ असं ती म्हणत राहिली, ‘राहू दे गं,’ असं तो म्हणत राहिला, आणि तेव्हापासून त्याने त्या बाजूने पावाचा तुकडाही चावला नव्हता.

“डावीकडची बरी आहे का रे?”

“कोणती?”

“अरे, दाढ.”

तो थोडा विचारात पडला. मग त्याने उजव्या गालावर हात ठेवला. “ही दुखते.”

“ही? ही कधीपासून? बघू.”

त्याने ओठ मिटले आणि मिटल्या ओठांनीच हसला. “जेवताना नको.”

थंडी असेल, तिने मनाला सांगितलं. रात्री उशी बदलली, मान अवघडली असेल. उजवीकडे नवीन काही सुरू झालं असेल तर माणूस आपोआप डावीकडे वळणारच की. तिच्या पेशंटांचं रोज तेच होतं. सगळं बरोबर जुळत होतं. तरी तिने पुढचा बटाटा बशीत बाजूला सारला.

५

जेवणानंतर तो खोलीत आडवा झाला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खिडकीशी उभा राहिला, म्हणजे जरासा वाकून, आणि बाहेर बघत राहिला. डॉक्टर पलंगावर बसली. चष्मा लावून तिने सकाळचा फोटो उघडला.

फोटो छान आला होता. मधोमध तिचा नवरा, आ केलेला, डोळे मिश्कील. ते डोळे बघून तिला एकदम हायसं वाटलं. मग तिची नजर बाकीच्यांवर गेली. म्हातारी, बाप्या, बाई, मुलगी. त्यांच्या माना ताटाकडे नव्हत्या. चौघंही पाचव्या खुर्चीकडे बघत होते.

फोटोचा कोन असेल. तिने मोबाइल उलटा करून पाहिला, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मुलीच्या गालावरचा रंग उडाला होता, तो सकाळी तिला दिसला नव्हता. सकाळी तो गाल पलीकडच्या बाजूला होता.

“माझी छत्री राहिली तिथे,” ती उठून म्हणाली. “घेऊन येते.”

खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाने मागे न बघता मान हलवली. काचेवर, त्याच्या तोंडासमोर, वाफ धरायला हवी होती. धरलीही असेल. तिने थांबून बघितलं नाही.

६

“एकदा बघितलंत ना?” राखणदार बाई म्हणाल्या.

“काहीतरी राहिलंय,” डॉक्टर म्हणाली आणि थेट आत गेली. या वेळी फळ्या दोन पावलं पुढे वाजत नव्हत्या. फक्त तिच्या पायाखाली.

टेबलाशी पाच जण होते.

पाचव्या खुर्चीत एक पुरुष बसला होता. प्लास्टरचाच. जाड सदरा, रंगवलेले केस, त्याच साच्यातलं नाक. तो तिच्या नवऱ्यासारखा जराही दिसत नव्हता, आणि डॉक्टरला इतकं हलकं वाटलं की तिला हसू फुटलं. पुतळा दुरुस्तीला नेला असेल, दुपारी परत आणून बसवला. याच्यात भिण्यासारखं काय आहे? ती वळणारच होती. पण बाकीच्या चौघांना तोंड म्हणून लाल रेघ होती आणि याचं तोंड उघडं होतं. आ केलेलं.

उघड्या तोंडात न डोकावता पुढे जाणं तिला आजवर कधी जमलं नव्हतं. ती दोरी ओलांडून आत गेली. मोबाइलचा दिवा लावून वाकली.

आत दात होते. प्लास्टरचे नाहीत. खालच्या पुढच्या दातांच्या मागे पिवळा थर होता, सहा महिन्यांत साफ न केल्यावर साचतो तेवढा. डावीकडे, मागून दुसऱ्या दाढेवर टोपी होती. टोपीच्या बाहेरच्या अंगाला नखाएवढी चंद्रकोर चकाकत होती.

तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसायचा, पण तोंडात घालायचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा असायचा. तो काढायला तिला बघावं लागलं नाही. हाताला सवय होती. तिने आरसा आत नेला, जीभ असते तिथवर. टोपीची मागची कड पाहिली. तिनेच घासली होती ती. आपण केलेलं काम माणूस ओळखतो, जसं आपलं अक्षर ओळखतो.

मग आरसा धुरकट झाला.

तिने तो बाहेर काढून पदराला पुसला, पुन्हा आत धरला. धुरकट झाला, निवळला. पुन्हा धुरकट झाला, निवळला. एका लयीत. झोपलेल्या माणसाची असते तितकी संथ लय.

तिने दुसऱ्या हाताने गालाला स्पर्श केला. गार, कडक. नखाला रंगाचा पोपडा लागला.

“अरे,” ती अगदी हळू म्हणाली.

आरसा एकदम भरून आला.

“ताई! दोरीच्या आत नाही जायचं.” राखणदार बाई दारात उभ्या होत्या. लोकरीचा गुंडा त्यांच्या काखेत होता.

“हा... हा सकाळी नव्हता इथे.”

“पाचच आहेत. पाटीवर लिहिलंय ना?”

“सकाळी चार होते, बाई! मी स्वतः पाहिलेत. तुम्ही जरा इकडे या. याच्या तोंडाशी हात धरून बघा.”

बाई आल्या नाहीत. “मी आत फारशी येत नाही,” त्या म्हणाल्या. “झाडायला येते तेवढी, आणि खाली मान घालून झाडते. चला आता. तुमचे मिस्टर बाहेर उभे आहेत, त्यांना कशाला धुक्यात ताटकळत ठेवलंय?”

तो पायरीखाली उभा होता. हातात तिची छत्री, बंद. डॉक्टरने जाऊन त्याची बाही धरली.

“आत चल. एकदाच त्या खुर्चीवर बस. फोटो नीट आला नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, लबाडी नव्हती. दया होती म्हटलं तरी चालेल.

“नको,” तो म्हणाला. “बसून बसून कंटाळा आलाय.”

आदल्या दिवशी सहा तास तो गाडीत बसला होता, ही गोष्ट खरी होती. डॉक्टरने ती घट्ट धरून ठेवली. तिने आरडाओरडा करायला हवा होता, माणसं जमवायला हवी होती. पण माणसांना दाखवायचं काय? पुतळ्याचा दात? शेजारी धडधाकट नवरा उभा असताना? तिने डोळ्यांसमोर ते सगळं आणून पाहिलं, त्या गर्दीत स्वतःला पाहिलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला शेजारी बसवून घरी घेऊन आली. वाटेतल्या एकाही पाटीचा आवाज गाडीत उमटला नाही.

७

घरी तो चांगला वागत होता. हेच सगळ्यात वाईट होतं. भांडी घासून ठेवायचा. दाराची कुरकुरणारी कडी त्याने ठाकठीक केली. तिचा नवरा खिळा ठोकायला घ्यायचा तर आधी अंगठा ठोकून घ्यायचा. छापखान्याने घरी पाठवलेली मुद्रितं मात्र तशीच पडून राहिली.

“आई, बाबा किती शांत झालेत,” लेक फोनवर म्हणाली. “काल मी अर्धा तास बोलले, त्यांनी एकदाही माझी भाषा सुधारली नाही. नुसतं ऐकत होते. मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.”

डॉक्टर त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. वयाच्या मानाने प्रकृती उत्तम, असा कागद मिळाला. तोंड उघडायला लावणं तिच्या हातात होतं. ती रोज अनोळखी माणसांना लावायचीच. पण बघितलं की कळणार, आणि कळलं की आपण त्या दिवशी गाडी कुणाला मागे टाकून चालवत आणली, तेही कळणार. ती दिवस ढकलत राहिली. तोही मिटल्या ओठांनी हसत राहिला, आणि उजव्या गालावरचा हात हळूहळू तिथून हलेनासा झाला.

पाचव्या आठवड्यात तिने ‘एका परिषदेला जाते’ असं सांगितलं आणि एकटीच गाडी काढली.

धुकं नव्हतं. गाव पर्यटकांनी भरलं होतं, संग्रहालयात मात्र कुणी नव्हतं. ती पळतच शेवटच्या खोलीत गेली. पाच जण होते. माना ताटाकडे. पाचव्याचं तोंड बंद होतं. तिथे ताज्या लाल रंगाची रेघ मारलेली होती.

“कुंभारमाशीने घर केलं होतं तोंडात,” मागून राखणदार बाईंचा आवाज आला. या वेळी त्या जरा जवळ आल्या होत्या. “मातीचं, हे एवढं. मग रंगाऱ्याकडून पुट्टी भरून घेतली.”

“केव्हा?”

“झाले आठ-दहा दिवस.”

डॉक्टरने आरसा काढून त्याच्या नाकाशी धरला. नाकाला भोकं नव्हती, रंगाचे दोन ठिपके होते. आरसा लख्ख राहिला. तिने पर्समधून टोकदार हत्यार काढलं आणि त्या लाल रेघेत खुपसलं. बाई ओरडल्या. डॉक्टर खरवडत राहिली, पांढरी भुकटी ताटात सांडत राहिली. बोटाचं एक पेर आत गेलं, दोन पेरं गेली. ओठांमागे दात लागायला हवे होते. लागली ती पुट्टी, आणि तिच्यामागे आणखी पुट्टी.

“अरे,” ती म्हणत होती, “अरे, ऐक ना, अरे—”

बाईंनी तिचे खांदे धरून तिला मागे ओढलं. त्या घाबरल्या होत्या, पण ओढण्यात हलकेपणा होता. “नका, ताई,” त्या कानाशी म्हणाल्या. “इथे असं नाही करायचं. बाकीचे बघतात.”

डॉक्टरने टेबलाकडे पाहिलं नाही. बाईंनीही पाहिलं नाही. दोघी एकमेकींना धरून मागच्या पावलांनी खोलीबाहेर आल्या.

८

पुढच्या मंगळवारी, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, तो दवाखान्यात आला. बाहेरच्या बाकावर एक आजी मासिक चाळत बसल्या होत्या. त्यांना मान लववून तो आत आला, दार लावून घेतलं, आणि कुणी न सांगता उपचाराच्या खुर्चीत जाऊन बसला. उजवा गाल पेरूएवढा सुजला होता.

“आता सहन होत नाही,” तो म्हणाला.

डॉक्टर हात धुवायला वळली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत राहिली. शहरात दातांचे आणखी डॉक्टर होते. ती म्हणू शकली असती, तिकडे जा. तिने मोजे चढवले, दिवा खाली ओढला. त्याने जरा वेळ ओठ दाबून धरले. मग तोंड उघडलं.

तिने आपलं काम शोधलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वर बघितलं. त्या तोंडाला कुणाही डॉक्टरचा हात लागलेला नव्हता. टोपी नाही, भरलेला दात नाही. सगळे दात माथ्यावर सपाट झिजलेले, वर्षानुवर्षं जात्याची कचकच पिठातून चावली की झिजतात तसे. असे दात तिने कॉलेजच्या काचेच्या कपाटात तेवढे पाहिले होते. वरच्या पुढच्या दाताला एक छोटी खाच होती. सुतार माणूस खिळे दातांत धरून ठोकत असला की पडते. आणि उजवीकडे, खाली, काळी पडलेली एक दाढ, मुळापर्यंत कुजलेली, भोवती पू.

“किती दिवसांपासून दुखतंय?” तिने विचारलं. हा प्रश्न तिच्या तोंडून आपोआपच यायचा.

तो दिव्याकडे बघत राहिला. “ते आता नाही सांगता येणार. रोज माणसं यायची. पुढ्यात उभी राहायची, बघून जायची. तोंडात कुणी बघितलं नाही.” त्याच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी कानाकडे ओघळलं. “तुम्हीच काय त्या वाकलात. पण ते त्याच्यासाठी.”

बाहेर आजींनी मासिकाचं पान उलटलं. डॉक्टरच्या हातात सुई भरून तयार होती. दिवा बंद करून त्याला तसंच ठणकत घरी पाठवता आलं असतं, आणि त्या क्षणी जगात दुसरं काही करावंसं तिला वाटत नव्हतं. ती किती वेळ तशी उभी होती ते तिला कळलं नाही. त्या वेळात त्याने तोंड मिटलं नाही, उठायलाही पाहिलं नाही. नुसती तिची वाट बघत राहिला. वाट बघायची त्याला सवय असावी.

तिने स्टूल पुढे ओढलं.

“अजून उघडा,” ती म्हणाली. “मान इकडे करा. दुखलं तर हात वर करा.”

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने आपल्या नवऱ्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

खुर्चीतल्या माणसाला त्यात काही नवल वाटलं नाही.

“बरं, बाई,” तो म्हणाला, आणि त्याने तोंड उघडलं.